इंजिन टिकतं, बारकं सामान गाडी मारतं – जुनी पुंटो मराठवाड्यात सांभाळायची असंल तर

परवा वसमत रोडला पंपावर डिझेल टाकायला थांबलो तर तिथलं पोरगं विचारायलं, काका ही कोणती गाडी हो, नवीन आली का? एमएच-२२ पासिंगची, २०१० ची फियाट पुंटो आहे ती. पोरगं तेव्हा बालवाडीत असंल. दिसायला ही गाडी म्हातारी होतच नाही हे खरंय, इटलीच्या जुजारो नावाच्या डिझायनरच्या इटालडिझाइन कंपनीनं काढलेला आकार आहे तो, युरोपात २००५ ला आली, आपल्याकडं २००९ ला, रांजणगावात बनायची. पण दिसणं सोडलं तर बाकी सगळ्याला वय झालंय, रबराला, प्लॅस्टिकला, वायरीला आणि मालकाच्या कमरेलाही.

घरी येणारा प्रत्येक माणूस मला एकच सल्ला देतो, विकून टाक, कंपनीच गेली आता. कंपनी गेली हे खरंच आहे, बीएस-६ (धुराचे नवे नियम) यायच्या आधीच फियाट नावाच्या गाड्या आपल्याकडं बनायच्या बंद झाल्या. पण आमच्या अण्णांनी घेतलेली गाडी आहे, दोन लाखाच्या वर किलोमीटर झालेत आणि अजून परभणी-पुणे एका दमात जाते, तर विकायची काहून? एवढ्या वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. या गाडीचं इंजिन लवकर मरत नाही, तिला भंगारात घालतात ते दोनशे-चारशे रुपयांचे पाइप, बुश, गंजलेली अर्थिंगची पट्टी आणि आपलं "बघू पुढच्या महिन्यात". म्हणून खाली जे लिहितोय ते बहुतेक बारक्या सामानाबद्दलच आहे. माझी डिझेल आहे म्हणून डिझेलचं जास्त येईल, पेट्रोलवाल्यांनी रागावू नये.

आधी इंजिनाचं सांगून टाकतो म्हणजे भीती जाईल. १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी. हेच इंजिन मारुतीनं लायसनवर बनवून २००७ पासून स्विफ्टला लावलं, मग डिझायरला, रिट्झला, आणि टाटाच्या व्हिस्टा-मांझामध्ये क्वाड्राजेट नावानं हेच. म्हणजे हिंगोलीपासून तुळजापूरपर्यंत ज्या ज्या गावात टॅक्सीची डिझायर पळलीय तिथल्या मिस्त्रीनं हे इंजिन कितीदा तरी उघडलेलं असतं. त्याला नुस्तं "पुंटो" सांगितलं की तो हात मागं घेतो, "स्विफ्टचंच इंजिन आहे मामू" म्हणलं की लगेच पाना उचलतो. हे वाक्य पाठच करून ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या, इंजिनाच्या आतलं बरंच सामान तेच असलं तरी बाहेरून लागलेले पाइप, माउंटिंग, वायरिंग वेगळं आहे, तिथं "स्विफ्टचं बसवतो की" म्हणणाऱ्याला थांबवायचं आणि नंबर जुळवूनच घ्यायचं.

या इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. लोक ऐकतात चेन आहे म्हणजे आयुष्यभर बघायचं कामच नाही आणि तिथंच फसतात, कारण ती चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो आणि ऑइल आहे किती तर फिल्टर धरून तीन लिटरच्या आसपास. एवढ्याशा ऑइलमधून अर्धा-पाऊण लिटर कमी झालं तर राहिलं काय? कंपनीनं सर्व्हिस १५,००० किलोमीटरला सांगितलेली, पण ती काही सेलूच्या शेतरस्त्यावर मे महिन्यात चालणाऱ्या गाडीसाठी नव्हती, धूळ बघता मी ७,५०० ला बदलतो, आणि गाडी चालली नाही तरी वर्षाला एकदा बदलतोच. ५ डब्ल्यू ४० सिंथेटिक टाकतो, साडेतीन लिटरचा डबा घेतला की थोडं उरतं, ते टॉपअपला डिक्कीत. फिल्टर कागदी असतो, आतलं काडतूस बदलायचं आणि टोपणाची ओ-रिंग दरवेळी नवीन टाकायची. जुनीच ओ-रिंग परत बसवली की महिन्याभरात तिथून घाम फुटल्यासारखं ऑइल झिरपायला लागतं. आणि दर रविवारी डिपस्टिक बघायची, सपाट जागेवर, गाडी बंद करून पाच-दहा मिनिटांनी. सकाळी पहिल्या सेल्फला इंजिनातून साखळी डब्यात हलवल्यासारखा आवाज येऊन दोन-तीन सेकंदात बंद होत असंल तर ती चेन बोलायलीय, तो आवाज लांबत चालला की चेन किटचे पैसे बाजूला काढायला लागा, तुटायची वाट बघू नका.

टर्बोचं थोडक्यात, सकाळी सुरू केल्या केल्या रेस करायचं नाही, आणि हायवेवरून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, मिनिटभर तशीच चालू ठेवायची. डिझेल गर्दीच्या पंपावरच भरा. शेतात ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये ठेवलेलं डिझेल "थोडंसं घाल" म्हणून टाकू नका, त्यात पाणी असतंच आणि कॉमन रेलच्या नोझलला पाणी म्हणजे विष. डिझेल फिल्टरच्या बुडाला पाणी काढायचा स्क्रू असतो, पावसाळ्यात एक-दोनदा तो सैल करून बाटलीत थोडं डिझेल काढून बघायचं, पाणी असंल तर खाली वेगळं बसलेलं दिसतं.

आता माझी फजिती. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. पंधरा वर्षांत केलेली सगळ्यात महाग चूक हीच आणि ती शंभर टक्के माझीच. आमच्याकडं बोरचं पाणी कसं आहे ते सांगायला नको, बादलीला, नळाला, गिझरच्या कॉइलला पांढरा खडा धरतो. तर मी दोन उन्हाळे कूलंटची बॉटल कमी दिसली की अंगणातल्या नळीनं बोरचं पाणी टाकायचो, पाणी ते पाणी म्हणून. मे महिना, लग्नाला निघालो होतो संभाजीनगरला, मागं आई, बायको, पोरं, एसी फुल्ल. वाटूर फाट्याच्या पुढं टेंपरेचरचा काटा मधल्या जागेवरून वर सरकायला लागला. मी म्हणलं ऊन आहे, होत असंल. पाच मिनिटात लाल. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं तर बॉटलमधून उकळायचा आवाज. आणि मग मी ती दुसरी चूक केली जी सगळेच करतात, झाकण फिरवलं. नशीब हातावर टॉवेल होता. उकळतं पाणी माझ्या डोक्यावरून मागच्या बाभळीवर गेलं.

टोचन लावून जालन्याला नेली. तिथल्या मिस्त्रीनं पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि बोट माझ्यापुढं धरलं, चुना लावल्यासारखं पांढरं. "साब, पानी कौनसा डाले?" म्हणलं बोरचं. तो काही बोललाच नाही, नुस्तं पोऱ्याला म्हणाला हेड खोल. हेड गॅसकेट, हेडचं फेसिंग, रेडिएटर सफाई, लग्न तर हुकलंच.

तर तुम्ही काय करायचं. फियाटला लाल रंगाचं ओएटी जातीचं कूलंट लागतं, पॅराफ्लू नावानं यायचं, तसलंच घ्या, आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं निम्मं. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर कॅनमध्ये मिळतं. हिरव्या कूलंटमध्ये लाल मिसळू नका, बदलायचं असंल तर पूर्ण धुऊन बदला. रस्त्यात अडलातच तर बोरपेक्षा हॉटेलातलं जारचं पाणी बरं, पण घरी आल्यावर ते काढून टाकायचं. होज पाइप दर उन्हाळ्याच्या आधी थंड इंजिनवर दाबून बघायचे, दाबल्यावर कुरकुर वाजला किंवा टोकाला क्लिपजवळ फुगलेला दिसला की बदला, तेव्हा शे-पाचशेत भागतं. क्लिपच्या बाजूला वाळलेला गुलाबी-पांढरा डाग दिसला तर तिथून गळतंय, गळती गरम असताना होते आणि लगेच वाळते म्हणून खाली थेंब दिसत नाही. आणि काटा मधल्या जागेवरून सुईभर जरी वर गेला तरी एसी बंद, हीटर फुल्ल गरमवर, काचा खाली आणि सावली बघून थांबायचं. मे महिन्यात हीटर लावायला सांगतोय म्हणून घरचे शिव्या देतील, देऊ द्या, हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे.

ही गोष्ट इथंच संपली नाही. गाडी दुरुस्त होऊन आली, गरम होईना, मी खूश. पण लिटरला १८-१९ किलोमीटर देणारी गाडी १४ वर आली, धूर वाढला, हिवाळ्यात हीटर गरमच होईना. वर्षभर मी डिझेलला, पंपाला, टायरच्या हवेला दोष देत बसलो. शेवटी परभणीतल्या आमच्या मिस्त्रीनं उघडून बघितलं तर थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा वॉल्व्ह) नाही, रिकामं घर! काढून टाकलेला. आपल्या भागात ही लई जुनी सवय आहे, "अपने इधर गर्मी है, ये नक्को" म्हणून वॉल्व्ह काढून फेकतात आणि सांगतही नाहीत. ॲम्बॅसेडर आणि जीपच्या काळात चाललं असंल, कॉम्प्युटरवाल्या इंजिनाला चालत नाही, त्याला वाटतं इंजिन थंडच आहे, मग डिझेल जास्त जातं, धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरमध्ये काजळी धरते, ऑइल लवकर खराब होतं. तुमच्या गाडीत आहे का नाही ते पाना न लावता कळतं. सकाळी थंड गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा, बराच वेळ थंडच राहिला आणि मग एकदम गरम झाला तर थर्मोस्टॅट आहे आणि काम करतोय. सुरू केल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर एक तर नाही किंवा उघडा अडकलाय. (हात लावताना पंख्यापासून लांब, तो कधीही सुरू होतो.) चालवताना पण समजतं, गावात काटा मध्ये आणि मोकळ्या रोडला किंवा घाट उतरताना काटा खाली पडला तर तेच.

आता अर्थिंग. जुन्या फियाटला भूत लागतं असं जे म्हणतात ना, डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागणं, काटे नाचणं, पॉवर विंडो अर्ध्यात थांबणं, सेल्फ मारला की टक-टक, त्यातली निम्मी भुतं एका तांब्याच्या पट्टीत राहतात. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि तिथून गिअरबॉक्सला जाणारी जी जाड विणलेली पट्टी असते ती. पावसाचं पाणी, चिखल आणि खाली हवेचा मारा, दहा वर्षांनी ती हिरवी पडते आणि आतून एकेक तार तुटत जाते. माझ्यावेळी डिसेंबरात सकाळी गाडी टक-टक करायली, सगळे म्हणले बॅटरी, टाकली नवीन बॅटरी, चार दिवस बरी चालली मग परत तेच. जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं सरळ इंजिनाच्या लोखंडाला लावून सेल्फ मारला, फटकन सुरू. म्हणजे बॅटरी निर्दोष होती, पैसे गेले ते गेले.

ही पट्टी साफ करायला मेकॅनिक लागत नाही. चावी काढा, दहा मिनिटं थांबा, दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचं निगेटिव्ह सोडा आणि टोक बाजूला करून चिंधीत गुंडाळा. मग पट्टीचे दोन्हीकडचे बोल्ट काढा, गिअरबॉक्सकडचा गंजलेला असतो, आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला तर शिव्या कमी द्याव्या लागतात. पट्टीचं टोक आणि बॉडीवरची जागा दोन्ही पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासायच्या, रंगाचा एक ठिपका राहिला तरी फायदा नाही. आवळून बसवायचं आणि वरून व्हॅसलीनचा थर. पट्टी वाकवून बघा, कडक वाटली, कर्र झालं तर सरळ नवीन बनवून घ्या, ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या केबल बनवणारे असतात ते लांबी मोजून बनवून देतात. इंजिन लाइट लागली की मिस्त्रीकडं पळायच्या आधी हे करून बघा, आणि मग एक ईएलएम ३२७ चं स्वस्त ॲडाप्टर आणि जुन्या लॅपटॉपवर मल्टिइसीयूस्कॅन, फियाट-अल्फाचे कोड वाचायलाच बनवलेलं सॉफ्टवेअर आहे, फुकटातल्या व्हर्जनमध्ये पण एररचं नाव कळतं. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच गेला असं नाही बरं का, आधी त्याची पिन काढून बघा, वायर बघा, उंदीर बघा.

उंदीर! ज्यांच्या अंगणात सोयाबीनची नाहीतर तुरीची पोती पडतात त्यांना हे समजंल. सुगी झाली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात गरम इंजिनावर येऊन बसतात आणि वायरीवर दात घासतात. आमच्याकडं एकदा इंजेक्टरची वायर कुरतडली, गाडी तीन सिलिंडरवर, ट्रॅक्टरसारखी थरथरायली. डांबर गोळ्या, तंबाखू, मिरचीचा धूर, स्प्रे, सगळं करून झालं. खरा उपाय दोनच निघाले, रात्री बॉनेट उघडं ठेवायचं (उंदराला अंधारी, उबदार जागा पाहिजे असते, उघड्यावर तो बसत नाही) आणि गाडी पोत्यांपासून लांब लावायची. दोन-तीन दिवसांतून एकदा तरी गाडी हलवायची. एसीच्या हवेच्या वाटेत पण घर करतात, एसी लावल्यावर वास आला की आधी केबिन फिल्टर काढून बघा, आमच्यात एकदा त्याच्यावर भुईमुगाची टरफलं निघाली.

एसीवरून आठवलं, पुंटोचा एसी बेचाळीस डिग्रीत दम खातो अशी तक्रार सगळ्यांची असते आणि गॅस भरून भरून लोक थकतात. गॅसच्या आधी कंडेन्सर (एसीचा पुढचा रेडिएटर) बघा. पुढच्या जाळीतून टॉर्च मारला की कापसाचे तंतू, किडे, मातीचा लेप दिसंल. साध्या नळीनं, हलक्या धारेनं, जमलं तर आतून बाहेर धुवायचं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गननं जवळून मारलं तर त्या पातळ पत्र्या आडव्या होतात आणि मग हवाच जात नाही, होता तो एसी पण जातो.

सस्पेन्शन ही या गाडीची खरी श्रीमंती. ज्या खड्ड्यात नवीन गाड्या रडतात तिथून ही "ढप्प" करून निघून जाते, वर आपल्या गाड्यांना हायड्रॉलिक स्टेअरिंग आहे, ते हाताला जे सांगतं ते आजच्या इलेक्ट्रिकमध्ये नाही, हे माझं मत, वाद नको. फक्त स्टेअरिंग पूर्ण वळवून तसंच दाबून धरायचं नाही, आणि त्याचं ऑइल कमी झालं की वळवताना घुर्र आवाज येतो तो ऐकून सोडून द्यायचा नाही. खडखड आली तर बहुतेक वेळा लिंक रॉड, ठक्क आवाज ब्रेक मारताना आला तर लोअर आर्मचे बुश. बुश बदलताना एक गोष्ट समोर उभं राहून करून घ्या, लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळू द्यायचे नाहीत. गाडी खाली टेकवून, चाकावर वजन आल्यावर आवळायचे. नाहीतर बुश पीळ बसलेल्या अवस्थेतच अडकतं आणि सहा महिन्यात फाटतं, मग आपण म्हणतो डुप्लिकेट निघालं. पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानातून गाडी आली तर चाकाच्या आतला चिखल त्याच दिवशी काढा, वाळला की दगड होतो, बॅलन्स जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट कापतो. बूट फाटल्यावर दोन दिवसात बदलला तर बूटचे पैसे, दोन महिन्यांनी बदलला तर अख्ख्या जॉइंटचे.

जोरात आपटली आणि गाडी बंद पडून सुरूच होईना तर घाबरू नका, धडक बसली असं समजून डिझेलचा पुरवठा तोडायची सोय असते, ती परत चालू कशी करायची ते हँडबुकात दिलेलंय. आधी गाडीखाली डिझेल गळत नाही ना तेवढं बघा.

टायर. समृद्धी झाल्यापासून हे सगळ्यात वर घ्यायला पाहिजे. आधी आपण जालना रोडला साठ-सत्तरनं जायचो, आता तीच जुनी गाडी घेऊन लोक तापलेल्या सिमेंटवर १२० नं तासन् तास नेतात. नक्षी किती राहिली ते बघून काही होत नाही, टायरच्या बाजूवर चार आकडे असतात ते वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली की नक्षी नवीकोरी असली तरी मी त्या टायरवर समृद्धीला चढत नाही, स्टेपनी सुद्धा त्यात धरायची. हवा सकाळी थंड टायरला भरायची. आणि पंक्चरवाल्याला आधीच सांगून ठेवा की हिला स्टड (हबमधून बाहेर आलेले आट्याचे दांडे) नाहीत, हबमध्ये बाहेरून बोल्ट लागतात. चाक हातात धरून भोक जुळवावं लागतं, रात्री एकट्याला ते लई अवघड जातं. मी त्याच आट्याचा एक लांब स्टड लेथवाल्याकडून करून डिक्कीत ठेवलाय, तो वरच्या भोकात फिरवायचा, चाक त्याच्यावर अडकवायचं, तीन बोल्ट लावून तो काढायचा आणि चौथा बोल्ट लावायचा.

सामान मिळत नाही ही ओरड अर्धी खरी आहे. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, बेअरिंग, चेन किट हे सगळं मिळतं. अवघड जातं ते फक्त हिचंच असलेलं सामान, हेडलाइट, दरवाजाचे हँडल, काचेचे रेग्युलेटर, कूलंटची प्लॅस्टिक बॉटल, डॅशबोर्डची बटणं. त्याच्यासाठी लिनिया आणि ॲव्हेंच्युरा लक्षात ठेवा, लिनिया याच गाडीवरून काढलेली सेडान आहे आणि ॲव्हेंच्युरा तर पुंटोच उंच केलेली, खालचं बरंच सामान एकच आहे. कुणाची लिनिया भंगारात निघाली असं कानावर आलं तर त्याच दिवशी जा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, आणि नांदेड-लातूरवाल्यांना हैदराबाद जवळ. फियाटच्याच घरातल्या जीप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पण फियाटचं काम आणि ऑर्डर घेतात, वेळ लागतो. कुठंही जा, फोनवर "पुंटोचा तो पुढचा पाइप" असं सांगू नका. मी शाळेची शंभर पानी वही केलीय, जुना पार्ट निघाला की त्याच्यावरचा नंबर वहीत, तारीख, किलोमीटर, कुठून घेतला, किती दिले. फियाटचा नंबर आठ आकडी असतो. नंबर सांगितला की दुकानदाराचा आवाजच बदलतो. आणि जे रबर-प्लॅस्टिक पुढं लागणारच आहे ते दिसलं तेव्हा घेऊन ठेवा, माझ्या कपाटात बायकोच्या साड्यांखाली कूलंटची एक नवीन बॉटल दोन वर्षं पडून आहे, त्यावरून बोलणी खातो.

पेट्रोलवाल्यांसाठी, तुमच्या १.२ आणि १.४ फायर इंजिनाला चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे. जुनी घेतली असंल आणि बेल्ट कधी बदललाय याचा कागद नसंल तर बदललेलाच नाही असं धरून आधी बदला, सोबत टेन्शनर आणि वॉटर पंप. बाकी कूलंट, अर्थिंग, बुश, उंदीर हे तुमचं पण तेच.

कागदपत्रं. १५ वर्षं झाली की आरसी संपते, फॉर्म २५ भरून पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ ला कारची नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर आणि फिटनेस, आणि उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पण पाहिजे, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. आरटीओत गाडी दाखवायला न्यायच्या आधी घरीच बघा, सगळे दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, पिवळ्या पडलेल्या हेडलाइट पॉलिश करून. चॅसिस नंबर जिथं आहे तिथला मळ आधीच घासून ठेवा, मी तिथं उन्हात अर्धा तास घासत बसलो होतो. पीयूसीला नेताना गाडी वीस-पंचवीस किलोमीटर पळवून गरम न्यायची, थंड नेली की काळा धूर सोडते. आणि गाडीसोबत आलेलं चावीचं कोड कार्ड, ते छोटं प्लॅस्टिकचं, शोधा आता उठून. चावी हरवल्यावर त्याची किंमत कळते. आमचं अण्णांच्या जुन्या एलआयसीच्या फाइलमध्ये सापडलं.

डिक्कीत माझ्याकडं कायम असतं ते म्हणजे डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन, उरलेलं ऑइल, दोन होज क्लिप, दहा आणि तेरा नंबरचा पाना, तो लेथचा स्टड, जम्पर केबल, फ्यूजची पुडी, पॉलिश पेपरचा तुकडा, आणि एक जाड टॉवेल, वाटूर फाट्याचाच आहे तो, टाकून द्यायचं मन होत नाही.